मोठ्या बोअरच्या शिकारी रायफलींची काडतुसं लोक घरी का भरतात?

तुमचे प्रश्न तीन आहेत. तयार काडतुसं मिळत असताना ही उठाठेव कशाला, त्यात पैसे वाचतात का, आणि भारतात आजोबांच्या जुन्या दुनळी रायफलीसाठी हे जमेल का? मी ह्यूस्टनला राहतो. माझ्याकडे .४५८ विंचेस्टर मॅग्नम आहे (हे आकडे म्हणजे गोळीचा साधारण व्यास, इंचांत), आणि रेंजवरच्या एका वयस्कर मित्राच्या .४७० दुनळीची काडतुसं आम्ही दोघं मिळून भरतो. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

पैशांचं आधी उरकतो. वाचतात. .४७० चं तयार काडतूस एकेक दहा डॉलरच्या वर जातं. पितळी पुंगळी पुन्हा वापरली की खर्च उरतो तो गोळी, पावडर आणि प्रायमरचा, म्हणजे पावडर पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीचा. पण प्रेस, डाय (पुंगळीला आकार देणारे साचे), तराजू, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) यांवर झालेला खर्च धरला तर निव्वळ बचतीसाठी कुणी या भानगडीत पडू नये.

खरं कारण दुनळी पाहिली की समजतं. तिच्या दोन नळ्या समांतर नसतात, तोंडाकडे जरा जवळ आलेल्या असतात. उजव्या नळीचा बार काढला की धक्क्याने रायफल उजवीकडे आणि वर झटकते, आणि त्या वेळी गोळी अजून नळीतच असते. डावीचं याच्या उलट. कारागीर हे झटकणं हिशेबात धरून नळ्यांच्या तोंडांमध्ये पाचर सरकवत, बार काढून पाहत, पुन्हा सरकवत, दोन्ही गोळ्या एका जागी येईपर्यंत बसतो आणि मग डाख देऊन पक्कं करतो. याला रेग्युलेशन म्हणतात. ते एका ठरावीक वजनाच्या गोळीसाठी आणि ठरावीक वेगासाठीच असतं. .४७० मध्ये म्हणजे ५०० ग्रेनची गोळी, सेकंदाला २१५० फुटांच्या आसपास. ५०० ग्रेन म्हणजे साधारण ३२ ग्रॅम. आपल्या जुन्या .३०३ च्या गोळीच्या जवळजवळ तिप्पट वजन आणि दुपटीहून जास्त ऊर्जा.

आता वेग कमी पडला तर गोळी नळीत जास्त वेळ राहते, रायफल जास्त झटकते आणि उजवीची गोळी टार्गेटवर उजवीकडे, डावीची डावीकडे जाते. वेग जास्त झाला तर उलट होतं, दोन्ही गोळ्या एकमेकींना ओलांडतात. म्हणून आम्ही ५० यार्डांवर कागद लावतो, उजवी-डावी, उजवी-डावी असे बार काढतो आणि प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलीने ‘उ’ किंवा ‘डा’ लिहितो. भोकं लांब पडली तर पावडर किंचित वाढवायची, ओलांडली तर कमी करायची, अर्थात छापील मॅन्युअलच्या मर्यादेतच. मित्राच्या रायफलीला एका कंपनीची तयार काडतुसं अजिबात मानवली नाहीत. गोळ्या इतक्या फाकल्या की आफ्रिकेतल्या जंगली म्हशीवर सोडा, हत्तीवरही भरवसा ठेवता आला नसता. काडतुसात दोष नव्हता, ती फक्त या रायफलीची नव्हती.

दुसरं कारण इतिहासाचं. या जुन्या ब्रिटिश रायफलींची काडतुसं कायनॉक ही ब्रिटिश कंपनी बनवायची, आणि १९६०-७० च्या काळात ती एकेक करत बंद पडली. रायफली धडधाकट, खायला मात्र काही नाही, अशी अवस्था. मधली वर्षं त्या जिवंत राहिल्या त्या घरी भरणाऱ्यांमुळे. त्यातही कायनॉकच्या पुंगळ्यांना बर्डन प्रायमर असायचा. त्यात ठिणगीसाठी मध्यभागी एक भोक नसतं, बाजूला दोन असतात, त्यामुळे वापरलेला प्रायमर सुईने सरळ ढकलून काढता येत नाही. मध्यभागी भोक असलेला तो बॉक्सर प्रायमर; दोन्ही नावं ते शोधणाऱ्यांची. गंमत म्हणजे बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, पण इंग्रजांनी बर्डन उचलला आणि अमेरिकनांनी बॉक्सर.

.४५८ ची गोष्ट वेगळी. विंचेस्टरने १९५६ साली ती काढली ती दुनळीची ताकद साध्या, स्वस्त बोल्ट रायफलीत (हाताने बोल्ट, म्हणजे खिटी, फिरवून काडतूस भरायच्या) बसवायची म्हणून. पुंगळी अडीच इंचांची ठेवल्यामुळे पावडर दाबून भरावी लागे. कागदावर वेग २१३० फूट, प्रत्यक्षात आखूड नळीतून पुष्कळच कमी. शिवाय दाबलेली पावडर कधी कधी ढेकळासारखी घट्ट होई आणि नीट पेट घेत नसे. समोर जखमी केप म्हैस असताना असला बार म्हणजे जिवाशी खेळ. जॅक लॉट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये म्हशीने जबर जखमी केलं. पुढे त्याने .३७५ हॉलंड अँड हॉलंडच्या लांब पुंगळीवरून .४५८ लॉट बनवलं. पुंगळी २.८ इंच, त्यामुळे पावडर न कोंबता तीच ५०० ग्रेनची गोळी २३०० फुटांपर्यंत जाते. आजच्या पावडरी चांगल्या आहेत, म्हणून मी माझ्या .४५८ वरच खूश आहे. हौशी मंडळी आणखी शंभर फुटांसाठी जीव टाकतात, ते मला पटत नाही. वेगापेक्षा गोळी किती खोल जाते, हे महत्त्वाचं.

आणि धक्का विसरू नका. बोल्ट रायफलीत मॅगझिनमधली काडतुसं दर बाराला पुढच्या भिंतीवर आदळतात आणि गोळी पुंगळीत आत ढकलली जाते. दुनळीत उलट, दुसऱ्या नळीतली गोळी पुढे सरकू शकते. म्हणून पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत घट्ट दाबावं लागतं. भरलेलं काडतूस कॅलिपरने मोजायचं, शेजारच्या नळीचा बार काढायचा, ते बाहेर काढून पुन्हा मोजायचं. लांबी बदलली असेल तर ती सगळी खेप बाजूला.

दुनळीत दाब कमी ठेवण्याचं कारणही सांगतो. बोल्ट फिरवला की अडकलेली पुंगळी उखडायला जोर मिळतो, दुनळीत तो मिळत नाही. त्यात जुनी कॉर्डाइट पावडर उन्हाने तापली की दाब वाढायचा. म्हणूनच भारत आणि आफ्रिकेसाठी बनलेल्या या पुंगळ्या एवढ्या मोठ्या आहेत, मोठ्या पोटात कमी दाब. नळीवर ‘७५ कॉर्डाइट’ असं कोरलेलं दिसलं म्हणून आजची कुठलीही पावडर ७५ ग्रेन भरायची, असा अर्थ काढू नका.

भारताचं. .४५० च्या रायफली आपल्याकडे भरपूर होत्या, पण बंडखोरांच्या हातातल्या मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीला त्याच मापाच्या गोळ्या चालतील या भीतीने ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये .४५० ची आयात बंद केली. मग इंग्लंडच्या कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ असे आकडे पुढे केले. म्हणून आपल्या संस्थानिकांच्या शस्त्रागारांत ही विचित्र मापं दिसतात.

पण घरी भरण्याचा विचार सोडा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आज हौसेच्या शिकारीचा प्रश्नच उरत नाही.

रायफल वारसाहक्काने परवान्यावर आली असेल तर आधी जाणकार बंदूक दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. .४५० आणि .४५०/४०० ही दोन वेगळी काडतुसं आहेत, दुसऱ्याची गोळी .४०० च्या आसपासची असते, आणि जुन्या परवान्यांवर हे कधी कधी अर्धवटच लिहिलेलं सापडतं. त्याहून मोठा धोका .५०० आणि .५७७ चा. काळ्या दारूसाठी बनलेल्या जुन्या एक्सप्रेस रायफलीत नायट्रोचं, म्हणजे कॉर्डाइटसारख्या बिनधुराच्या पावडरीचं, काडतूस खुशाल बसू शकतं, पण ती नळी तेवढ्या दाबासाठी बनलेलीच नसते. दुनळी मोडून नळ्यांच्या खालच्या सपाट भागावरचे प्रूफचे शिक्के (नळीची दाबाची चाचणी झाल्याची खूण) पाहायला सांगा. तिथे नायट्रोचा शिक्का नसेल तर ती भिंतीवरच राहू द्या.