हाडांत कमी, रक्तवाहिन्यांत जास्त

प्रश्न : वडिलांच्या सीटी स्कॅनमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचल्याचे आढळले. त्यांची हाडे ठिसूळ झाल्याचे मात्र आधीच निदान झाले आहे. एकाच शरीरात हे दोन्ही कसे? त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःहून बंद केल्या आहेत. – एक वाचक

उत्तर : नळाच्या पाइपात क्षार चढतो तसे रक्तातले जास्तीचे कॅल्शियम रक्तवाहिनीत बसते, अशी बहुतेकांची समजूत असते आणि वैद्यकशास्त्रही दीर्घकाळ साधारण असेच मानत होते. प्रत्यक्षात असे रुग्ण तपासले, तर त्यांच्यापैकी अनेकांच्या रक्तातील कॅल्शियम सामान्य पातळीतच असते. निरोगी माणसाच्या रक्तातही कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते की केवळ रसायनशास्त्राचे नियम चालले असते, तर मऊ ऊतींतही चुना (म्हणजे कॅल्शियमचा क्षार) धरला असता. म्हणून संशोधकांनी प्रश्नच उलटा केला : तो एरवी का धरत नाही?

हर्बर्ट फ्लाइश या स्विस शास्त्रज्ञाने 1960च्या दशकात दाखवले की शरीरातच असणारे पायरोफॉस्फेट नावाचे संयुग कॅल्शियमचे स्फटिक वाढू देत नाही. 1997 साली प्रसिद्ध झालेला उंदरांवरील प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. ‘मॅट्रिक्स जीएलए’ हे एकच प्रथिन नसलेली पिल्ले जन्मतः धडधाकट दिसत होती. पण त्यांच्या धमन्या चुना साचून कडक होत गेल्या आणि दोन महिन्यांच्या आत त्या फुटून ती दगावली. म्हणजे चुना साचू न देणे हे शरीराचे अखंड चालणारे काम आहे. मधुमेह, दीर्घकाळचा दाह, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा मूत्रपिंडाच्या विकारात साठणारे फॉस्फेट यांमुळे ही राखण ढिली पडते, आणि धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशी हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या हृदयाच्या काही झडपांत तर सूक्ष्मदर्शकाखाली चक्क हाड आणि त्याच्या पोकळीत अस्थिमज्जा दिसते.



तेव्हा आपल्या वडिलांच्या धमन्यांतील कॅल्शियम गोळ्यांतूनच आले, असे म्हणता येत नाही. गोळ्यांचा हृदयावर काय परिणाम होतो याबाबत संशोधकांत मतभेद आहेत, हेही खरे. म्हणूनच त्या घ्याव्यात की नाही, हे मूत्रपिंडाचे कार्य, रक्तातील फॉस्फेट, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता पाहून डॉक्टरांनीच ठरवावे. हाडांचा आणि हृदयाचा असे दोन्ही अहवाल एकाच वेळी त्यांच्यासमोर ठेवा, कारण आपली अडचण दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय उलगडणार नाही.

डॉक्टरांनी स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुरू केले आणि पुढच्या स्कॅनमध्ये कॅल्शियमचा आकडा वाढलेला दिसला, तर घाबरून औषध सोडू देऊ नका. या औषधाने धमनीतील मेदाचे मऊ थर घट्ट होतात. त्यामुळे आकडा वाढू शकतो, पण थर फुटून झटका येण्याचा धोका कमी होतो.