आजीच्या गाठ्यांच्या साच्यातून लॉलीपॉप निघेल का?

प्रश्न: नमस्कार ताई, माझ्या आजेसासूबाईंचा पाडव्याच्या गाठ्या पाडायचा सागवानी साचा आहे, पाच फुलांचा. त्यातून दर वर्षी आम्ही घरी गाठ्या करतो. मुलीच्या वाढदिवसाला त्याच फुलांचे लॉलीपॉप करावेत म्हणून मी कडक पाक ओतला, तर तो लाकडाला असा धरला की सुरीने काढताना एका पाकळीचा टवकाच उडाला, रडू आलं हो. मैत्रीण म्हणते सिलिकॉनचा साचा कर, हार्डवेअरच्या दुकानातली ट्यूब आणि कॉर्नफ्लॉवर मळून होतो, व्हिडिओत दाखवतात. करू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: सिलिकॉनचा साचा जरूर करा, पण ती ट्यूब नको, अजिबात नको. ती बाथरूमच्या फटी बुजवायची वस्तू आहे, तिला व्हिनेगरसारखा वास येतो ना, खाण्याच्या वस्तूसाठी ती बनवलेलीच नाही आणि तुम्ही तिच्यात दीडशे डिग्रीचा पाक ओतून तो लेकराच्या तोंडात देणार आहात. साचे करायचं सिलिकॉन दोन बाटल्यांत येतं, दोन्ही मिसळले की घट्ट होतं. त्यातही घट्ट करणारं द्रव्य कोणतं त्यावरून दोन जाती आहेत, टिनवाली आणि प्लॅटिनमवाली. टिनवाली स्वस्त, पण शोभेच्या वस्तूंसाठी. तुम्ही प्लॅटिनमवालीच घ्या आणि पाकिटावर फूड ग्रेड स्पष्ट लिहिलेलं बघा, दुकानदार तोंडी सांगतो त्यावर जाऊ नका.

आधी पाक लाकडाला का चिकटला ते सांगते. गाठीचा पाक आपण घोटतो, त्यात साखर बारीक दाणा धरते आणि साचा ओला असतो, म्हणून गाठ सुटून येते. लॉलीपॉपचा पाक दाणा धरतच नाही, तो काचेसारखा गोठतो आणि टेकेल तिथे चिकटतो. म्हणजे तुमचं काही चुकलं नाही, पाकच वेगळा होता.

आता नमुना म्हणून काय वापरायचं? तुमची गाठच वापरा! त्या साच्यात नेहमीसारख्या पाच गाठ्या पाडा, फक्त दोरा घालू नका, दोन दिवस खडखडीत वाळू द्या. जिथे लाकडाचा टवका गेलाय तिथे गाठीची पाकळी जाड येईल, ती बारीक सँडपेपरने हलकी घासली की आजेसासूबाईंच्या वेळचं फूल परत मिळेल, मला तर हे फारच आवडलं. सिलिकॉनमध्ये पाणी नसतं त्यामुळे गाठ विरघळत नाही, आणि साचा तयार झाल्यावर आत राहिलेली साखर कोमट पाण्याने धुऊन जाते.

गाठ्या सनमायकाच्या तुकड्यावर सपाट बाजू खाली करून घट्ट पाकाच्या थेंबाने चिकटवा, नाहीतर सिलिकॉन खालून शिरतं. भोवती सेंटीमीटरभर जागा सोडून पट्ट्यांची भिंत उभी करा, फटी बुजवा. किती सिलिकॉन लागेल ते बघायला आधी त्यात तांदूळ भरा, गाठीच्या वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढे, आणि मग ते तांदूळ मापून घ्या. प्लॅटिनम सिलिकॉनला गंधक चालत नाही, गंधक लागलं की सिलिकॉन चिकटच राहतं, आणि रबरात नि मॉडेलिंगच्या मातीत गंधक असू शकतं, म्हणून रबराचे लेटेक्स हातमोजे घालू नका, साधी मॉडेलिंगची माती भिंतीलाही लावू नका, नायट्राइलचे मोजे घाला. आणि गाठीच्या तुटक्या तुकड्यावर एक थेंब आधी लावून बघा, तो नीट सुकला तरच पुढे जा.

दोन्ही भाग पाकिटावर सांगितलंय त्याच प्रमाणात वजनकाट्यावर मोजा, कडेने बुडापासून हळू ढवळा, जोरात घोटलं की हवा शिरते. पहिला हात ब्रशने पाकळ्यांच्या खाचांत लावा, मग एका कोपऱ्यातून उंचावरून दोऱ्यासारखी धार सोडा, ते आपोआप पसरू द्या. पाकिटावरचा वेळ झाला की उलटं करून गाठ काढा. काडीसाठी खाच मग धारदार ब्लेडने कापता येते.

पाक दोन वाट्या साखर, पाऊण वाटी लिक्विड ग्लुकोज, पाऊण वाटी पाणी, १५० डिग्रीपर्यंत. थर्मामीटर नसेल तर चिक्कीची परीक्षा, थंड पाण्यात टाकलेला थेंब काडकन तुटला पाहिजे, गोळीबंदवर थांबलात तर दाताला चिकटेल. लिंबूसत्त्व गॅस बंद केल्यावर घाला, आधी घातलं तर गोळ्या चिकट होतात. ओतताना मुलं ओट्यापासून लांब, हा पाक अंगावर पडला तर चिकटून भाजत राहतो.

प्रश्न: गोळ्या छान निघाल्या, पण जुलैत तासाभरात ओल्या झाल्या. साचा खराब निघाला का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: साचा नाही हो, हवा. साखरेची काच हवेतलं पाणी ओढून घेते आणि कोकणातल्या जुलैत ते भरपूर असतं. साच्यातून काढल्या काढल्या लगेच एकेक गोळी कागदात गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पाऊस धो धो पडत असेल तेव्हा बेत दोन दिवस पुढे ढकला.