टीम ‘सगळं छान आहे’ म्हणते तेव्हा

प्रश्न : अंधेरीतल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात सहा महिन्यांपूर्वी मी टीम लीडर झालो. टीम ८ जणांची, त्यातले ५ जण कालपर्यंत माझ्या शेजारी बसणारे. मंथ-एंडला माझा आवाज चढतो, मागाहून वाईट वाटतं. प्रशिक्षणात सांगितलं, ‘स्वतःला ओळखा, जसे आहात तसे वागा.’ म्हणून मीटिंगमध्ये विचारलं, ‘माझं काय चुकतं ते मोकळेपणानं सांगा.’ सगळे म्हणाले, ‘काही नाही सर, सगळं छान आहे.’ आता काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जो आपलं अप्रेझल लिहितो, त्याच्या चुका चारचौघांत कोण सांगेल? टीम खोटं बोलली असं मनात धरू नका. प्रश्न फार मोठा होता आणि जागा चुकीची होती.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५मध्ये ‘जोहारी खिडकी’ मांडली. तिच्यातल्या एका कप्प्यात आपल्या अशा सवयी येतात, ज्या इतरांना दिसतात पण आपल्याला दिसत नाहीत. आवाज चढतो हे तुम्हाला कळतंच. शोधायचं आहे ते त्याच्या आधीचं : समोरचा बोलत असताना मोबाइल बघणं, वाक्य तोडणं, उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारणं.

त्यासाठी एक साधी वही ठेवा. लोकलमध्ये लिहीन म्हणू नका, संध्याकाळी घाटकोपरला गाडीत शिरल्यावर हात हलवायला जागा नसते. टेबलावरून उठण्याआधीची १० मिनिटं बरी. दिवसातला एकच प्रसंग घ्या आणि चार ओळी लिहा : काय घडलं, मी नेमके कोणते शब्द वापरले, त्याआधी शरीरात काय जाणवलं, समोरच्यानं पुढे काय केलं. बहुतेकांची वही दुसऱ्या ओळीत फसते. ‘मी जरा चिडलो’ ही नोंद नव्हे. ‘एवढं साधं रिकन्सिलिएशन जमत नाही का?’ हे जसंच्या तसं उतरलं पाहिजे. वाचताना अंगावर येईल, पण काम तिथेच होतं. तिसरी ओळही गाळू नका. जबडा आवळला जाणं, कान तापणं ही आवाज चढण्याआधीची सूचना असते. ती ओळखता आली की पाणी प्यायला उठायला वेळ मिळतो. दर शुक्रवारी आठवड्याच्या नोंदी सलग वाचा आणि परत परत येणाऱ्या गोष्टीखाली रेघ मारा.

मग एकेकट्याला विचारा, पंधरवड्यातून एकालाच, आणि तेही एका वागण्याबद्दल : ‘सोमवारच्या मीटिंगमध्ये मी कुणाचं बोलणं तोडलं का?’ उत्तर आलं की फक्त ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणा. ‘अहो, पण तेव्हा डेडलाइन होती’ एवढं एक वाक्य तोंडून गेलं, तर तो माणूस पुन्हा काही सांगणार नाही.

सवय एका वेळी एकच बदला आणि तिला किमान ६ आठवडे द्या. कोणती ते टीमला सांगून टाका. वाक्य तोडायची सवय असेल तर मीटिंगमध्ये शेवटी बोला, तोडलंत की वहीच्या कडेला एक उभी रेघ ओढा आणि तिथेच म्हणा, ‘मघाशी मी मध्येच बोललो, तुमचं पूर्ण होऊ दे.’ जुन्या मित्रांसमोर हे जड जाईल, पण सुरुवात त्यांच्यापासूनच करा. सर होण्याआधीचे तुम्ही कसे होता हे त्यांना माहीत आहे.

‘जसे आहात तसे वागा’ याचा अर्थ मनात येईल ते बोला असा नाही. ताण आलाय हे जरूर सांगा : ‘आज क्लोजिंग आहे, मी घाईत आहे, माझं काही बोलणं लागलं तर लगेच सांगा.’ आणि कुणी खरंच सांगितलं, तर त्या दिवशीची वहीतली नोंद त्याचीच करा.