घरी येणारी फिजिओथेरपी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईचं वय 74. मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले, वॉकर घेऊन चालते. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा घरी येतात. नातेवाईक म्हणतात, दवाखान्यात मशिनं असतात, तिकडेच न्या. घरच्या व्यायामावर भागेल का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : भागेल. या टप्प्यावर आईंना गरज आहे ती पायात ताकद येण्याची आणि तोल सावरण्याची. ते काम कोणतंही मशिन करून देत नाही. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात रिक्षात चढ-उतार करून दवाखान्यात पोचेपर्यंतच माणूस दमतो, मग व्यायाम नावालाच होतो.

घरचा मोठा फायदा म्हणजे सराव खऱ्या अडथळ्यांवर होतो. दवाखान्यात फरशी कोरडी आणि धरायला कठडा. घरात उंबरठा, मोरीचा कट्टा, ओली शहाबादी, आणि पाणी रोज येत नाही म्हणून वाटेतच भरून ठेवलेली पिंपं. थेरपिस्टना आईंना पलंगावर झोपवून पाय हलवून द्यायला लावू नका. पलंग ते मोरी ही वाट त्यांच्यासोबत चालवून घ्या. पिंपं त्याआधी हलवा.

वॉकरची उंची तपासा. आई ताठ उभ्या राहिल्या आणि हात खाली सोडले, की वॉकरची मूठ मनगटाशी यायला हवी. वॉकर ठेंगणा असला की त्या वाकून चालतात आणि कंबर धरते. पायांचे रबर गुळगुळीत झाले असतील तर लगेच बदला; शहाबादीवर वॉकर सरकतो तो त्यामुळेच. चालताना आधी वॉकर, मग शस्त्रक्रियेचा पाय, मग चांगला. उंबरठ्यावर वॉकरचे चारही पाय पलीकडे टेकल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

सगळ्यात मोलाचा व्यायाम खुर्चीतून उठण्याचा. खुर्ची हातांची, जड, भिंतीला टेकवलेली. प्लॅस्टिकची नको, ती मागे सरकते. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाता कामा नयेत. खुर्ची बुटकी असेल तर चादरीची घट्ट घडी घालून ती खुर्चीला बांधा, नुसती ठेवली तर निसटते. शस्त्रक्रियेचा पाय थोडा पुढे ठेवून, हातांवर जोर देत उठायचं, आणि बसताना धप्पकन न बसता सावकाश. एका वेळी पाच, दिवसातून तीनदा. सहज जमू लागलं की आठ-दहा. श्वास रोखायचा नाही. मोठ्याने आकडे मोजायला लावा, म्हणजे आपोआप रोखला जात नाही.

दोन गोष्टी सर्जनना विचारून लिहूनच घ्या : त्या पायावर किती भार द्यायचा, आणि सांधा बदललाय की हाड जोडलंय. सांधा बदलला असेल तर खाली बसणं, मांडी घालणं, पाटावर जेवणं, पडलेली वस्तू वाकून उचलणं हे त्यांनी मोकळीक देईपर्यंत बंद. नाहीतर सांधा निखळू शकतो. बैठकीच्या संडासावर तेव्हा कमोडची खुर्ची लागतेच.

घरी एक गैरसोय असते, तीही सांगायला हवी. थेरपिस्ट न येणाऱ्या चार दिवशी व्यायाम राहून जातो. चहानंतर एकदा, जेवणाआधी एकदा अशा वेळा बांधा आणि कॅलेंडरवर खूण करा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको.

पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ गाठा. रक्ताची गाठ असू शकते, आणि तो पाय चोळायचा तर मुळीच नाही.

प्रश्न : वडील आयुष्यभर यंत्रमागावर उभे राहिले. आता दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. रोज तेल लावून मालिश करतो, तेवढं पुरे का?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : मालिशने बरं वाटतं, पण स्नायूंना बळ येत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून पाच सेकंद धरा, सोडा. प्रत्येक पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. करून झाल्यावर गुंडाळी काढा. रात्रभर गुडघ्याखाली उशी ठेवून झोपले की बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच राहू लागतो. व्यायामाने वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर आकडा निम्मा करा, बंद करू नका.