गेमिंग लॅपटॉपला ब्लू-रे ड्राइव्ह आत बसवावा की बाहेरून जोडावा?

तुमचा प्रश्न असा आहे की गेमिंग लॅपटॉपमध्ये ब्लू-रे ड्राइव्ह आत बसवता येईल का, कारण यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह स्लो असतो आणि पिक्चर अडकतो असं तुम्ही ऐकलंय. हे अडकण्याचं कारण जो तो यूएसबीच्या वेगावर ढकलतो आणि ते साफ चूक आहे, म्हणून आधी तेच बोलतो.

हिशेब मांडा. ब्लू-रेचा 1एक्स म्हणजे सेकंदाला 36 मेगाबिट, साडेचार मेगाबाइट. साध्या ब्लू-रेवरचा चित्रपट फार फार तर 54 मेगाबिट मागतो. स्लिम ड्राइव्ह 6एक्सने वाचायला लागला तरी सेकंदाला 27 मेगाबाइट होतात, आणि जुनं यूएसबी 2.0 सुद्धा प्रत्यक्षात तीसच्या वर देतं. मग वेग कमी पडतो कुठे?

कमी पडतो तो करंट. यूएसबी 2.0 पोर्टकडून 500 मिलिअँपिअरची हमी असते, 3.0 कडून 900 ची. डिस्क फिरायला सुरुवात होताना किंवा राइट करताना ड्राइव्ह एक अँपिअरच्याही वर ओढू शकतो. व्होल्टेज पडलं की ड्राइव्ह रीसेट होतो. डिस्क गरगरते, थांबते, पुन्हा गरगरते, विंडोज उपकरण निघाल्याचा आणि लागल्याचा आवाज करत राहतं. राइट करताना असं झालं की कोरी डिस्क वाया. लोक ड्राइव्ह बदलतात, पोर्ट तोच ठेवतात आणि पुन्हा तेच होतं.

उपाय सोपा आहे. दोन यूएसबी तोंडांची वाय-केबल वापरा, किंवा 5 व्होल्ट अडॅप्टरसाठी वेगळं सॉकेट असलेला ड्राइव्ह घ्या. लॅपटॉपला 1.5 किंवा 3 अँपिअर देणारा टाइप-सी पोर्ट असेल तर बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. अडॅप्टर नसलेला हब मध्ये घालू नका, लांब बारीक केबलही नको. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणं, बंद करा.

आत बसवायचं म्हणाल तर नव्या गेमिंग लॅपटॉपमध्ये त्यासाठी जागाच नसते, ती पंखे आणि बॅटरीने खाल्लेली असते. एसएसडीच्या एम.2 स्लॉटमधून सॅटा, म्हणजे ड्राइव्ह जोडायची तार, काढता येते, पण ड्राइव्ह शेवटी बाहेरच लोंबणार आणि त्याला वीज वेगळी लागणार. नसता उद्योग आहे तो. डीव्हीडी ड्राइव्ह असलेला जुना लॅपटॉप असेल तर मात्र अदलाबदल जमते. जाडी मोजा: 9.5 की 12.7 मिलिमीटर. जाड ड्राइव्ह पातळ जागेत जात नाही. खालचा स्क्रू काढून जुना ड्राइव्ह ओढून काढा, मागची धातूची पट्टी नव्यावर लावा. पुढची प्लास्टिकची पट्टीही बदलावी लागते. त्यासाठी छोट्या भोकात पिन घालून ट्रे बाहेर काढा आणि क्लिपा सावकाश सोडवा. डेस्कटॉपचा मोठा ड्राइव्ह स्वस्तात मिळाला तर त्याला 12 व्होल्टही लागतात हे लक्षात ठेवा.

ड्राइव्ह लागला म्हणजे चित्रपट दिसला असं नाही. विंडोज स्वतः ब्लू-रे चित्रपट चालवत नाही, आणि व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये एएसीएसच्या, म्हणजे डिस्कवरच्या कॉपीविरोधी कुलपाच्या, किल्ल्या नसतात. परवाना असलेला प्लेअर प्रोग्रॅम विकत घ्यावा लागतो; ड्राइव्हसोबत येत असेल तर तोच ड्राइव्ह निवडा.

4के डिस्कचा बेत असेल तर थांबाच. अधिकृत प्लेअर प्रोग्रॅमला इंटेलच्या प्रोसेसरमधलं एसजीएक्स हे सुरक्षेचं फीचर लागतं. 4के डिस्कसाठी त्यातले सातव्या ते दहाव्या पिढीचे प्रोसेसर चालतात; अकराव्यापासून इंटेलने ते काढलं, एएमडीमध्ये कधीच नव्हतं. शिवाय चित्र इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधूनच बाहेर पडावं लागतं आणि पडद्याला एचडीसीपी 2.2 हे कॉपीविरोधी संरक्षण हवं. गेमिंग लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट बऱ्याचदा थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलेला असतो, त्यामुळे महागडं कार्ड असूनही डिस्क चालत नाही. 4के साठी टीव्हीला वेगळा प्लेअर जोडावा, या मतावर मी ठाम आहे.

बॅकअपसाठी हवा असेल तर साधी डिस्क 25 किंवा 50 गीगाबाइटची असते. 100 ची वापरायची तर ड्राइव्हवर बीडीएक्सएल लिहिलेलं पाहून घ्या. कन्सोलच्या गेमची डिस्क यात चालणार नाही. आणि याच ड्राइव्हवर परदेशी डीव्हीडी लावणार असाल तर जपून: डीव्हीडीचा रीजन (ती कुठल्या भागातल्या देशांसाठी आहे त्याचा क्रमांक) ड्राइव्हमध्येच साठवला जातो, आणि तो फक्त 5 वेळा बदलता येतो.