वाचक विचारतात: मोकळ्या हाताची नक्षी आणि घरचे शिलाई मशीन

प्रश्न: गेले तीन महिने मी घरच्या साध्या मशीनवर फ्री मोशन क्विल्टिंग, म्हणजे थर लावलेले कापड हातांनी हवे तसे फिरवत त्यावर नक्षी शिवणे, शिकत आहे. सुईखालचे, कापड पुढे सरकवणारे दाते खाली केले आहेत आणि रफूचा फूट (सुईभोवती कापड धरणारा भाग) लावला आहे. सरळ रेघा बऱ्या येतात. परंतु वेल किंवा लहान वर्तुळे काढू लागले की टाके कुठे खसखशीएवढे, तर कुठे तांदळाएवढे पडतात आणि वर्तुळाला कोपरे फुटतात. टाक्याच्या लांबीचे बटण फिरवूनही काही फरक पडत नाही. दोष मशीनचा आहे की माझा?

उत्तर: मशीन निर्दोष आहे, आणि तुमचाही दोष म्हणावा असे काही नाही, केवळ एक काम मशीनकडून तुमच्या हातांकडे आले आहे, त्याची हातांना अजून सवय झालेली नाही. एरवी टाक्याची लांबी दाते ठरवतात, कारण प्रत्येक टाक्याला कापड किती सरकायचे ते त्यांच्या हालचालीवर अवलंबून असते. दाते खाली गेले की त्या बटणाला काही अर्थ उरत नाही. मग टाका किती लांब पडेल हे दोन वेगांवर ठरते: सुई किती जलद चालते आणि हात कापड किती जलद सरकवतात.

हिशेब करून पाहा. सुई सेकंदाला १० टाके घालत असेल आणि हात त्याच सेकंदात कापड अडीच सेंटिमीटर सरकवत असतील, तर टाका अडीच मिलिमीटरचा पडतो, आणि तो दिसायला चांगला असतो. सुईचा वेग तोच राहून हात घाईने पाच सेंटिमीटर गेले, तर टाका दुप्पट लांब होतो. वळणावर बिचकून एकच सेंटिमीटर गेले, तर तो एका मिलिमीटरचा होतो. तुमच्या वर्तुळाच्या कोपऱ्यांचे कारणही हेच आहे. एक सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ३१ मिलिमीटर असतो. त्यात अडीच मिलिमीटरचे बारा टाके बसले तर डोळ्याला ते गोल वाटते, पण पाच मिलिमीटरचे सहाच टाके बसले तर तो षटकोन झाला. टाका स्वतः कधीच वळत नाही, तो सरळच असतो.

म्हणून पायाचा दाब मध्यम आणि एकसारखा ठेवावा, आणि बदल करायचाच तर हातांच्या वेगात करावा. अनेकजणी वळण आले की पेडलवरचा पाय सैल करतात आणि त्याच वेळी हात मात्र पुढे ओढतात. तेथेच लांब टाका पडतो. थांबायचे असेल तर सुई कापडात रुतलेली ठेवून थांबावे आणि हातांची जागा तेव्हाच बदलावी. नजर सुईवर खिळवू नये; पुढे जिथे जायचे त्या जागेवर, बोटभर अंतरावर ठेवावी.

राहिला नक्षीचा प्रश्न. कोणतीही नक्षी कापडावर नेण्याआधी ती पेन्सिल न उचलता कागदावर निदान दोन पाने भरून काढावी. चित्र सुंदर येणे हा येथे हेतू नाही. एक पाकळी संपल्यावर दुसरीकडे कसे जायचे, याचा निर्णय मशीन चालू असताना घ्यावा लागू नये, एवढाच आहे. मोडी लिहिणारे लेखणी न उचलता ओळ पुढे नेत, तसेच हे आहे. नवशिक्यांना बहुधा एकमेकींना न छेदणारी नागमोडी रेघ आधी शिकवतात. माझे मत वेगळे आहे: ती दिसते सोपी, पण स्वतःच्याच रेघांत कोंडून न घेण्यासाठी सतत पुढचा विचार करावा लागतो. त्यापेक्षा वेटोळ्यांची साखळी आधी घ्यावी, कारण तिथे रेघ रेघेला छेदली तरी बिघडत नाही. मग कोयरी घ्यावी. कोयरीच्या बाहेरून तिच्याच आकाराच्या समांतर रेघा काढत गेले की उरलेली जागा आपोआप भरते आणि एखादी रेघ हलली तरी लपून जाते. पिसे आणि दगडगोट्यांसारखी वर्तुळे मागाहून घ्यावीत, कारण त्यांत शिवलेल्या रेघेवरूनच पुन्हा जावे लागते आणि चूक दुहेरी दिसते. कापडाच्या रंगाचाच दोरा घेतला तर ती चूकही बरीच झाकली जाते.

प्रश्न: वरून नक्षी ठीक दिसते, पण उलट्या बाजूला वळणांवर दोऱ्याचे फासे पापण्यांसारखे उभे राहतात. खालचा दोरा सरळ पडलेला असतो. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) बिघडले आहे का?

उत्तर: बहुधा नाही. खालचा दोरा सरळ आणि वरचा त्याच्याभोवती सैल, याचा अर्थ वरचा दोरा खाली ओढला जात आहे. फासे फक्त वळणांवर असतील, तर तिथे हात फार जलद फिरतात. ते आधी सावकाश करून पाहावे. तरीही फासे राहिले तर फूट वर उचलून वरचा दोरा पुन्हा ओवावा, कारण फूट खाली असताना ओवलेला दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. मग वरच्या दोऱ्याचा ताण थोडाथोडा वाढवावा आणि दर वेळी तुकड्यावर तपासावे. सर्वत्र गुंताच झाला असेल, तर फूट खाली घ्यायचा राहिला नाही ना, ते आधी पाहावे. रफूचा फूट खाली असला तरी कापडापासून किंचित वर राहतो, त्यामुळे फसगत होते. माझी अजूनही होते.

प्रश्न: माझ्या मशीनचे दाते खाली जात नाहीत. मग हे काम सोडून द्यावे का?

उत्तर: सोडू नये. टाक्याची लांबी शून्यावर ठेवावी. दाते वरखाली होतील, पण कापड पुढे ढकलणार नाहीत. मशीनसोबत दाते झाकण्याची पट्टी मिळाली असेल तर ती लावावी.

प्रश्न: मोठी गोधडी शिवताना मधला थर सरकतो आणि खाली चुण्या पडतात.

उत्तर: अस्तर ताणून पसरावे, त्यावर बॅटिंग (मधला मऊ, जाड थर), मग वरचे कापड, आणि तिन्ही थरांना दर १० सेंटिमीटरवर सेफ्टी पिन लावावी. शिवण मध्यभागी सुरू करून कडांकडे न्यावी. गोधडी टेबलाच्या कडेवरून लोंबू देऊ नये. तिचे वजन हाताला मागे ओढते. पिना सुईच्या वाटेत येण्याआधीच काढाव्यात, आणि सुई एखाद्या पिनेवर आपटलीच तर सुई न मोडलेली दिसली तरी बदलावी.