फेरलढतीत कोण जिंकणार? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

हेवीवेट मुष्टियुद्धातल्या फेरलढतीचा निकाल आधी कसा ताडावा, याबद्दल किनारपट्टीवरून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्याचा परिणाम पत्रांच्या संख्येवर स्पष्ट दिसतो.

माजो प्रश्न सोपो आसा. पयल्या फायटीत हरलेलो दुसऱ्या फायटीत उलटवन मारता, असा लय येळा बगलंय. मगे पयलो जिकलेल्यावर इस्वास कित्याक ठेवचो? (वाचक, मालवण)

उलटलेल्या लढती लक्षात राहतात, म्हणून तसं वाटतं. जो लुईनं 1938 मध्ये मॅक्स श्मेलिंगला 124 सेकंदांत आडवं केलं, लेनॉक्स लुईसनं 2001 मध्ये हासिम रहमानकडून सात महिन्यांत अजिंक्यपदाचा पट्टा परत आणला, अँथनी जोशुआनं 2019 मध्ये अँडी रुईझला बारा फेऱ्या नुसतं फिरवलं. या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात.

आता दुसरी बाजू बघा. सॉनी लिस्टननं फ्लॉइड पॅटरसनला 1962 मध्ये पहिल्याच फेरीत झोपवलं आणि 1963 मध्येही पहिल्याच फेरीत. जॉर्ज फोरमननं जो फ्रेझरला 1973 मध्ये दुसऱ्या आणि 1976 मध्ये पाचव्या फेरीत संपवलं. डिऑन्टे वाइल्डरनं लुईस ऑर्टिझला आधी दहाव्या, मग सातव्या फेरीत पाडलं. झांग झिलेईनं जो जॉइसला 2023 मध्ये आधी सहाव्या, मग तिसऱ्या फेरीत हरवलं. ओलेक्सांद्र उसिकनं डॅनियल दुबुआला 2023 मध्ये नवव्या फेरीत नॉकआउट केलं, तर 2025 मध्ये पाचव्याच. यातल्या किती लढतींवर टपरीवर चर्चा होते?

म्हणून आम्ही पहिल्या लढतीच्या विजेत्याला शंभरात साठ देऊन सुरुवात करतो. हा आकडा आमच्या अंदाजाचा आहे, कुठल्या पाहणीतला नाही. पुढे कारणं सापडतील तसा तो वर-खाली करायचा. दशावतारात राक्षस मरणार हे पडदा उघडायच्या आधीच ठाऊक असतं. इथे राक्षस कोण, हेच लढत संपल्यावर कळतं.

‘कारण शोधा’ असं सगळेच म्हणतात. पण पहिल्या लढतीत हरण्याचं खरं कारण ओळखायचं कसं? (वाचक, देवगड)

सगळा अंदाज याच प्रश्नावर उभा आहे, तेव्हा जरा ऐसपैस सांगतो. हरण्याचं कारण कळलं की पुढचा प्रश्न एकच: मधल्या काळात ते दुरुस्त होण्यासारखं आहे का?

सर्वांत सहज दुरुस्त होते ती सवय. 1936 मध्ये श्मेलिंगनं लुईला बाराव्या फेरीत नॉकआउट केलं, कारण त्यानं एक गोष्ट हेरली होती. डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारून झाला की लुईचा तो हात गालापाशी परत न येता खाली घसरायचा. त्या फटीतून श्मेलिंगचा उजवा सरळ ठोसा जात राहिला. हात खाली राहणं हा निव्वळ सरावाचा दोष असतो. तो दोन वर्षांत गेला, आणि श्मेलिंगकडे दुसरा डाव नव्हता. जिंकणाऱ्याचं यश एकाच फटीवर उभं असेल आणि ती फट बुजण्यासारखी असेल, तर साठचे चाळीस करायला हरकत नाही.

दुसरं कारण तयारीचं. लुईस-रहमान पहिली लढत दक्षिण आफ्रिकेत ब्राकपानला झाली. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्याही वर. रहमान तिथे आधीपासून सराव करत होता, लुईस उशिरा पोहोचला. विरळ हवेत दम लवकर लागतो, हात जड होतात आणि माणूस दोरांना टेकून उभा राहतो. पाचव्या फेरीत नेमका तिथेच एक उजवा ठोसा बसला. फेरलढत लास व्हेगासमध्ये झाली, लुईस नीट तयारी करून आला आणि चौथ्या फेरीत खेळ संपला. तयारीतली कसूर हरलेल्याच्या बाजूनं मोजायची, पण तो या वेळी खरोखर मेहनत घेतोय असं दिसत असेल तरच.

तिसरं कारण शैलीचं, आणि ते फारसं बदलत नाही. फ्रेझर वाकून, डोकं हलवत सरळ आत घुसायचा. फोरमन अशा माणसाला दोन्ही हातांनी ढकलून बरोबर अपरकटच्या, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाच्या, अंतरावर उभा करायचा. तीन वर्षांनीही फ्रेझरकडे आत शिरायचा दुसरा रस्ता नव्हता. पहिल्या लढतीत विजेता आपल्या रोजच्या खेळानंच जिंकला असेल, काही खास न करता, तर साठाचे पंच्याहत्तर करा.

चौथं कारण हनुवटी, म्हणजे मार पचवायची ताकद. हेवीवेटमध्ये, म्हणजे 200 पौंडांच्या (90.7 किलो) वरच्या गटात, एकाच ठोशानं निकाल लागू शकतो आणि त्यात थोडा नशिबाचा भागही असतो. पण एकदा जोराचा नॉकआउट झालेला माणूस पुढच्या वेळी तेवढाच मार पचवील असं धरून चालू नका. त्यातही तो मधल्या काळात सरावात डोक्यावर पुन्हा ठोसे खात बसला असेल तर नाहीच नाही.

तीन पंच वेगवेगळे गुण देतात. त्या आकड्यांवरून फेरलढतीबद्दल काही कळतं का? (वाचक, राजापूर, शिक्षकी पेशा)

भरपूर कळतं, आणि तुमच्यासाठी हे गणित सोपं आहे. फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9. म्हणजे एका फेरीचे दोघांचे मिळून 19 आणि बारा फेऱ्यांचे 228. एखाद्याला फेरीत एकदा खाली पाडलं की तिथे सहसा 10-8 होतं आणि बेरजेतून एक गुण कमी होतो. गुणपत्रकाची बेरीज 227 आली तर एक नॉकडाउन, 226 आली तर दोन, असा ढोबळ ताळा. गुण कापले गेले असतील किंवा एखादी फेरी 10-10 दिली असेल तर तो चुकतो.

मे 2024 मध्ये रियाधला उसिक-टायसन फ्युरी पहिली लढत झाली. पत्रकं होती उसिकच्या बाजूनं 115-112 आणि 114-113, फ्युरीच्या बाजूनं 114-113. तिन्ही बेरजा 227. तो एक गुण नवव्या फेरीचा, फ्युरी दोरांवर लडबडला तेव्हाचा. तिथे 10-8 ऐवजी 10-9 धरून बघा: 115-113 उसिक, 114-114 बरोबरी, 115-113 फ्युरी. लढत अनिर्णित! म्हणजे उसिकचा विजय एका फेरीतल्या काही सेकंदांवर उभा होता, आणि अशा विजेत्याला साठ देणंही उदारपणाचं ठरतं, असं कागदावर दिसतं.

पण डिसेंबरच्या फेरलढतीत तिन्ही पंचांनी उसिकला 116-112 दिले. बेरीज 228, एकही नॉकडाउन नाही, फेऱ्या सरळ 8-4. मग कागद चुकला का? नाही, आपण अर्धाच वाचला. पहिल्या लढतीत मधल्या फेऱ्या फ्युरीच्या होत्या आणि शेवटच्या टप्प्यात उसिक चढत गेला होता. जो उत्तरार्धात चढतो त्याला समोरच्याचं कोडं सुटलेलं असतं, आणि फेरलढत तो तिथूनच सुरू करतो. म्हणून एकूण गुणांपेक्षा 1 ते 4, 5 ते 8 आणि 9 ते 12 असे तीन तुकडे पाडून बेरीज करा. शेवटचा तुकडा सगळ्यांत बोलका असतो.

वजन वाढवून येणारा मुष्टियोद्धा धोक्याचा की वजन उतरवून येणारा? (वाचक, रत्नागिरी)

नुसत्या काट्यावरून सांगता येत नाही. वजन आणि डाव यांचं जमतंय का ते बघायचं. फ्युरीची 2018 ची वाइल्डरशी लढत बरोबरीत सुटली. फेब्रुवारी 2020 च्या फेरलढतीला तो सुमारे 116 वरून 124 किलोवर गेला, कारण या वेळी त्याला मागे सरायचं नव्हतं. अंगावर रेलायचं, क्लिंचमध्ये, म्हणजे मिठी मारून धरताना, वाइल्डरच्या मानेवर भार टाकायचा, पायातलं बळ काढून घ्यायचं. सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातल्या माणसांनी हार मानून टॉवेल टाकला. त्याच फ्युरीनं 2024 मध्ये पुन्हा वजन वाढवलं, काट्यावर कपड्यांसकट जवळपास 127 किलो. समोर उसिक, पायानं चालणारा, हातात न सापडणारा. सापडतच नाही त्याच्यावर रेलणार कसं?

रुईझचं उदाहरण तर सरळ आहे. पहिल्या लढतीला सुमारे 121 किलो, फेरलढतीला सुमारे 128, आणि जोशुआ त्याच सहा महिन्यांत सुमारे साडेचार किलो उतरवून आलेला. रुईझची ताकद होती जवळच्या अंतरावरचे झटपट हात. पण आधी जवळ पोचायला पाय लागतात. जोशुआ जॅब मारून बाजूला सरकत राहिला, रुईझ मागे चालत राहिला. गुण 118-110, 118-110, 119-109.

वजन जिंकलेल्याचं वाढलं असेल तर जरा जास्त सावध राहा. पट्टा मिळाल्यानंतरचे सत्कार पोटावर दिसतात.

डावखुऱ्याकडून हरलेला माणूस फेरलढतीत सुधारतो का? (वाचक, दापोली)

थोडा सुधारतो, पण बहुतेक वेळा पुरेसा नाही. अडचण पायांची आहे. दोघे उजवे असले तर दोघांचाही डावा पाय पुढे असतो. समोर डावखुरा आला की त्याचा उजवा पाय पुढे येतो, आणि दोघांची पुढची पावलं एकमेकांवर पडायला लागतात. ज्याचं पुढचं पाऊल बाहेरच्या बाजूला, त्याच्या मागच्या हाताला मोकळी वाट. उजव्या मुष्टियोद्ध्यानं आपल्या डावीकडे सरकत राहायचं, म्हणजे समोरच्याच्या डाव्या हातापासून लांब, आणि उजवा सरळ ठोसा आधी पोटावर, मग डोक्यावर.

हे सांगायला सोपं, पण रक्तात मुरायला डावखुऱ्या सराव-जोडीदारांसोबत पूर्ण शिबिर, म्हणजे आठ-दहा आठवडे लागतात. शिबिरातल्या जोडीदारांची नावं जाहीर झाली की त्यांत डावखुरे किती ते आधी पाहा. जोशुआ 2021 मध्ये लंडनला उसिककडून तिन्ही पंचांच्या गुणांवर हरला. 2022 मध्ये जेद्दाला तो पोटावर जास्त खेळला, नवव्या फेरीत उसिकला अडचणीतही आणलं, आणि एका पंचानं त्याला 115-113 असं जिंकवलंही. बाकी दोघांनी 115-113 आणि 116-112 उसिकला दिले. दहाव्या फेरीपासून उसिकनं लढत परत खेचली. सुधारणा खरी होती, तरी निकाल तोच.

पहिल्या निकालावर वाद झाला असेल तर हरलेल्याचं पारडं जड धरावं का? (वाचक, श्रीवर्धन)

वादाला गुण नाहीत. 2023 मध्ये दुबुआच्या ठोशानं उसिक पाचव्या फेरीत खाली गेला, रिंगमधल्या पंचांनी तो ठोसा कमरेच्या पट्ट्याखालचा, म्हणजे नियमबाह्य, ठरवला आणि त्यावर पुढे दोन वर्षं भांडणं चालली. फेरलढतीत काय झालं ते वर आलंच आहे. वादाचा तो क्षण वगळून उरलेल्या फेऱ्या कोणाच्या होत्या ते मोजा.

परदेशी सट्टेबाजारातले भाव पेपरात येतात. ते वाचायचे कसे? (वाचक, अलिबाग)

समजा भाव असे आहेत: ‘अ’ 1.50, ‘ब’ 2.80, बरोबरी 17. प्रत्येक आकड्यानं 100 ला भागा. 66.7, 35.7 आणि 5.9 येतील. बेरीज 108.3. शंभरावरचे 8.3 हा बाजार चालवणाऱ्याचा वाटा. तो काढायला प्रत्येक आकडा 108.3 नं भागून शंभरानं गुणा: ‘अ’ 61.6 टक्के, ‘ब’ 33, बरोबरी 5.4. तुमचा अंदाज यापासून वीस टक्क्यांनी लांब असेल तर बहुधा तुमच्याच हिशोबात काहीतरी राहिलंय.

भाव वाचावेत ते एवढ्यासाठीच. आपल्याकडे 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आली आहे. पैज लावायचीच तर कोकम सरबताची लावा.

पहिल्या लढतीचं रेकॉर्डिंग बघताना नक्की काय टिपायचं? (वाचक, वेंगुर्ले)

आवाज बंद करून बघा. समालोचक ज्याचं नाव जास्त घेतो तो जिंकतोय असं वाटायला लागतं. वहीत बारा ओळी आखा. पहिल्यांदा बघताना फक्त हात: कोणाचे किती जॅब लागले, पोटावर किती. हातमोज्यावर किंवा दंडावर बसलेला ठोसा मोजायचा नाही. दुसऱ्यांदा फक्त पाय: मागे कोण सरतोय, आणि सरळ रेषेत सरतोय की कोनात. सरळ मागे जाणारा हेवीवेट आज ना उद्या दोरांवर सापडतो. तिसऱ्यांदा फेऱ्यांमधला एक मिनिट, तेव्हा मात्र आवाज लावा. कोपऱ्यातून प्रशिक्षक जे सांगतो ते पुढच्या फेरीत दिसतं का? दिसत नसेल तर एक तर प्रशिक्षक बदलायला हवा, नाहीतर शिष्याला ते जमण्यासारखं नाही. 2020 च्या फेरलढतीआधी फ्युरीनं प्रशिक्षक बदलला, तो मागे सरण्याऐवजी पुढे चालायचं होतं म्हणून. अशा बदलाला अर्थ असतो. हरल्याच्या रागात केलेल्या बदलाला आम्ही एकही गुण देत नाही.

वेळ रात्री साडेदहाची दिली होती. जागत बसलो, तर भलतेच कोणीतरी लढत होते. असं का? (वाचक, गुहागर)

जाहीर होते ती वेळ कार्यक्रम सुरू होण्याची. मुख्य लढत शेवटी असते, त्याआधी पाच-सहा जोड्या उतरतात. लंडनमध्ये मुख्य लढत साधारण रात्री दहाला धरा. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे आपले रात्रीचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. रियाध बारा महिने अडीच तास मागे. लास व्हेगासला शनिवारी रात्री नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रविवारी सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. न्याहारी करत बघता येतं. आधीच्या लढती नॉकआउटनं लवकर आटोपल्या तर मुख्य लढत अर्धा तास अलीकडेही येते, तेव्हा गजर तेवढा आधीचा लावा. आणि पावसाळ्यात टीव्हीबरोबर राऊटरही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर दिवे चालू आणि लढत बंद.